फेरविक्रीवर कर लावाच, पण आधी इसारपावती उजेडात आणा

घरे महाग का झाली, या प्रश्नाला सध्या एक तयार उत्तर मिळते. काही लोक राहायला घर घेतच नाहीत, विकायला घेतात. आज घ्यायचे, सहा महिन्यांनी वरचे पैसे लावून काढून टाकायचे. अशा झटपट फेरविक्रीवर जबर कर लावा, भाव आपोआप खाली येतील. सिंगापूरने लावला, कॅनडातल्या एका प्रांताने लावला, मग आपण का नाही?

हे उत्तर ऐकायला बरे वाटते, कारण त्यात दोषी माणूस डोळ्यासमोर येतो. आणि तो दोषी आहेच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. न नांगरता, न बांधता, न राहता जमिनीवर नफा काढणाऱ्याने कर भरलाच पाहिजे. पण परभणीत, सेलूत, गंगाखेडमध्ये नुसता असा कर लावला तर भूमिहीनाच्या हाती काय लागेल? माझे उत्तर आहे, जवळपास काहीच नाही. कारण आपल्याकडे फेरविक्री जिथे होते तिथे कर पोहोचतच नाही, आणि जिथे कर पोहोचतो तिथे सरकारने आधीच सूट देऊन ठेवली आहे.

आधी आपल्याकडचा व्यवहार नीट समजून घेऊ. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटवरून काढलेले निष्कर्ष इथे चालत नाहीत. इथे खेळ प्लॉटचा आहे.

शहराच्या कडेला ले-आउट पडतो. पहिला माणूस एका प्लॉटला एक लाख इसार देतो आणि अकरा महिन्यांची मुदत घेतो. बाँडवर इसारपावती होते. पूर्वी हा बाँड शंभराचा असायचा, ऑक्टोबर 2024 पासून पाचशेचा झाला. मुदत संपायच्या आत तो माणूस आपला सौदा दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. रजिस्ट्री मात्र एकदाच होते: मूळ मालकाकडून थेट शेवटच्या गिऱ्हाइकाला. मधल्या दोघा-तिघांचे नाव दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कुठेही नसते.

हिशेबासाठी आकडे धरू. हजार चौरस फुटांचा प्लॉट, मालकाचा भाव सहा लाख. पहिल्याने सौदा सव्वासात लाखांना काढला, दुसऱ्याने सव्वाआठला, शेवटच्याला तो साडेनऊ लाखांना पडला. रजिस्ट्री झाली सरकारी दराने, समजा साडेचार लाखांची. शहरात सहा टक्के मुद्रांक आणि एक टक्का नोंदणी फी धरली तर सरकारला मिळाले साडेएकतीस हजार, तेही शेवटच्या माणसाच्या खिशातून. मधल्या लोकांनी साडेतीन लाख कमावले आणि त्यावरचा कर शून्य. आता सांगा, फेरविक्रीवर वीस टक्के कर लावला तर तो कोणाला लागणार? नोंदणीच्या कागदावर तर एकच विक्री आहे. फेरविक्री झालीच नाही!

शेवटच्या माणसाचे आणखी एक मरण आहे. बँक कर्ज देते ते कागदावरच्या किमतीवर. म्हणजे साडेचार लाखांच्या काही हिश्श्यावर. वरचे पाच लाख रोख लागतात. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला 2015 पासून बंदी आहे, हे वाचून हसू येते. रोख पाच लाख कोणाकडे असतात? ज्याच्या बापाने जमीन विकली त्याच्याकडे, ज्याची अडत आहे त्याच्याकडे, ज्याची वरकमाई आहे त्याच्याकडे. महिन्याच्या पगारावर जगणारा अंगणवाडी सेविकेचा मुलगा पात्र असूनही बँकेच्या दारातून परत येतो.

म्हणूनच मी म्हणते, हा प्रश्न कराच्या टक्केवारीचा राहत नाही. एक लाख इसार द्या आणि बाकीचे नंतर, एवढ्या शब्दावर कोणाला प्लॉट मिळतो? ओळखीच्याला. सोयऱ्याला. एकाच भिशीतल्या, एकाच कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर बसणाऱ्याला. इसाराचा बाजार विश्वासावर चालतो असे म्हणतात. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला विचारायला हवे की हा विश्वास कोणत्या रस्त्याने येतो. तो जातीच्या रस्त्याने येतो. कायद्यात कुठेही लिहिलेले नाही की बौद्धाने, मातंगाने, पारध्याने सौद्याच्या साखळीत पहिल्या नंबरवर यायचे नाही. पण तो येतो तेव्हा साखळीच्या शेवटी येतो, म्हणजे सगळ्यांचा नफा भरायला येतो. आणि तेव्हाही आधी नाव विचारतात, मग आडनाव, मग गाव, मग म्हणतात, त्या प्लॉटचा सौदा कालच झाला हो ताई.

आता कराची बाजू पाहू. कर लावा म्हणणाऱ्यांना बहुधा ठाऊक नाही की थोड्या मुदतीच्या नफ्यावर जादा कर आपल्याकडे आधीपासून आहे. जमीन किंवा घर चोवीस महिन्यांच्या आत विकले तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून तुमच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. त्यानंतर विकले तर जुलै 2024 च्या अर्थसंकल्पापासून साडेबारा टक्के. म्हणजे वरच्या टप्प्यातल्या माणसाला दोन वर्षे थांबण्याचे बक्षीसच आहे. मग तो काय करतो? थांबतो. प्लॉटला तारेचे कुंपण मारतो, नावाचा बोर्ड लावतो आणि बाभळी वाढू देतो. फेरविक्रीचा वेग कमी झाला, पण घर एकही वाढले नाही. शहराच्या कोणत्याही नव्या वसाहतीत जाऊन पाहा, बांधलेल्या दोन घरांमध्ये चार मोकळे प्लॉट दिसतील. पाण्याची पाइपलाइन, रस्ता, विजेचे खांब सगळे त्या मोकळ्या प्लॉटसमोरून जाते, आणि आमच्या वस्त्या नालीसाठी अर्ज करत बसतात.

शहराच्या बाहेर तर आणखी मजा आहे. ग्रामीण शेतजमीन आयकर कायद्याच्या लेखी भांडवली मालमत्ताच धरली जात नाही, त्यामुळे तिच्या विक्रीच्या नफ्यावर हा कर नाही. ग्रामीण म्हणजे काय, तर एक ते दहा लाख वस्तीच्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत सहा किलोमीटरच्या पलीकडची, आणि दहा हजार ते एक लाख वस्तीच्या गावापासून दोन किलोमीटरच्या पलीकडची. परभणी 2011 च्या जनगणनेत तीन लाखांच्या पुढे होती, म्हणजे सहाचा नियम. जिंतूर, मानवत, पाथरी, पूर्णा इथे दोनाचा. ही सवलत शेतकऱ्यासाठी आहे आणि घाम गाळणाऱ्या शेतकऱ्याला ती असावीच. पण जालना-नांदेड द्रुतगती मार्ग जिल्ह्यातून जाणार, शक्तिपीठ महामार्ग जाणार, अशी कुणकुण लागताच जे शेतीच्या नावाखाली एकर-दोन एकर उचलतात, तेही याच छत्रीखाली उभे राहतात. आणि शेतजमीन घ्यायला गेले की आधी शेतकरी असल्याचा पुरावा विचारतात. सातबारा आहे का? म्हणजे करमुक्त नफ्याच्या या खेळात उतरण्याचा परवाना सातबारा हाच आहे. ज्यांना पिढ्यान्पिढ्या जमीन मिळू दिली नाही त्यांना आता जमिनीच्या भाववाढीतूनही बाहेर ठेवले आहे. एकाच कुलपाला दोनदा किल्ली फिरवली.

सरकारने आधीच दिलेल्या सुटीचे काय म्हणते, तेही सांगते. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात गुंतवणूकदारासाठी खास तरतूद आहे. बिल्डरकडून फ्लॅट घेऊन ठरावीक मुदतीत पुढे विकला तर त्याने भरलेले मुद्रांक शुल्क पुढच्या खरेदीदाराच्या शुल्कातून वजा होते. ही मुदत पूर्वी एक वर्ष होती. 2022 मध्ये ती तीन वर्षे केली. जग फेरविक्रीवर कर लावायच्या गोष्टी करते आणि आपले राज्य फेरविक्रीचा खर्च कमी करून देते. विधिमंडळात यावर कोणी आरडाओरड केल्याचे तुम्हाला आठवते का?

आता हेच सरकार गरिबाशी कसे वागते ते पाहा. म्हाडाच्या सोडतीत घर लागले तर पाच वर्षे विकायचे नाही. बाईच्या नावावर घर घेतले तर मुद्रांकात एक टक्का सूट, पण 2021 मध्ये ती देताना अट घातली की पंधरा वर्षे पुरुषाला विकायचे नाही. 2023 मध्ये ही अट काढली, बरे झाले. सरकारने दिलेली जमीन वर्ग 2 ची, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हलवता येत नाही. आणि 1958 च्या कायद्याने खालसा झालेली महार वतनाची जमीन बिगरशेतीसाठी विकायची असेल तर बाजारभावाच्या पन्नास टक्के नजराणा. पन्नास टक्के! सिंगापूरचा जास्तीत जास्त दर सोळा टक्के आहे. म्हणजे जमिनीच्या विक्रीवर जबर वसुली कशी करायची हे महाराष्ट्र सरकारला उत्तम माहीत आहे. फक्त ती विद्या आमच्या पूर्वजांच्या वतनावर वापरली गेली. सट्टेबाजांनी या जमिनी लाटू नयेत म्हणून या अटी आहेत, असे सांगतात. मग 2025 मध्ये पुण्याच्या मुंढव्यातली सुमारे चाळीस एकर महार वतनाची जमीन तीनशे कोटींच्या व्यवहारात आणि पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर कशी पुढे सरकली? बोंब झाल्यावर चौकशी लागली आणि व्यवहार रद्द करण्याची घोषणा झाली. बोंब झाली नसती तर?

परदेशाच्या दाखल्यांकडे वळू, कारण ते फार फेकले जातात. सिंगापूरने लवकर विकणाऱ्यावर मुद्रांक 2010 मध्ये आणला, जुलै 2025 मध्ये मुदत तीनाची चार वर्षे केली आणि पहिल्या वर्षाचा दर सोळा टक्क्यांवर नेला. हे खरे. पण सिंगापुरात दर दहातले जवळपास आठ नागरिक सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या घरात राहतात, आणि बहुतेक सगळी जमीन सरकारच्या हातात आहे, हे दाखला देणारा सांगत नाही. तिथे कर हा दाराला लावलेला अडसर आहे, घर सरकारने बांधले आहे. आपण अडसर आणायचा म्हणतो, दाराशिवाय. हाँगकाँगने असाच कर 2010 ते 2024 ठेवला. त्यातली पहिली दहा-अकरा वर्षे भाव चढतच राहिले, आणि भाव पडल्यावर सरकारने कर काढून टाकला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा कर 1 जानेवारी 2025 पासून आहे: वर्षाच्या आत विकले तर नफ्यावर वीस टक्के, पुढे उतरत उतरत दोन वर्षांना शून्य. त्यातली मला आवडलेली गोष्ट एकच, की त्या पैशाचे काय करायचे तेही सांगितले आहे: परवडणारी घरे. आपल्याकडे मुद्रांकाचा पैसा राज्याच्या तिजोरीत जातो आणि पुढे कुठे जातो ते तिजोरीलाच माहीत.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. कर लावला तर विकणारा तो भावात चढवेल, भुर्दंड गरिबालाच. विक्रीवरच्या कराबाबत यात थोडे तथ्य आहे, कारण विकणारा थांबू शकतो. पण मोकळी जमीन धरून ठेवण्यावर दरवर्षी कर लावला तर? तो पुढे ढकलायला गिऱ्हाईकच नसते. न विकणे महाग होते. मग तो बांधतो तरी किंवा काढतो तरी, आणि दोन्हीमध्ये आपला फायदा आहे. मोकळ्या जागेवर कर लावण्याचा अधिकार महानगरपालिकेला आजही आहे. तो दरवर्षी चढता करा. पहिली तीन वर्षे सोडा, कारण पोटाला चिमटा घेऊन प्लॉट घेतलेला माणूस लगेच बांधू शकत नाही, हे मला माहीत आहे. ज्याच्या नावावर तो एकच प्लॉट आहे त्याला वगळा. दवाखान्यासाठी, लेकीच्या शिक्षणासाठी विकणाऱ्यालाही फेरविक्रीच्या करातून वगळा. पाचवा, सातवा, अकरावा प्लॉट घेऊन बसलेल्याला मात्र सोडू नका.

आणि इसारपावतीची नोंद सक्तीची करा. ताबा न देता केलेली इसारपावती आज नोंदणीशिवाय चालते, तिथेच सगळा अंधार आहे. नाममात्र फीवर, मोबाइलवरून नोंद होऊ द्या. नोंद नसलेल्या इसारावर कोर्टात दाद मागता येणार नाही असे एकदा ठरले की कोण कोणाला सौदा देतो ते दिसेल. मग लावा वीस टक्के, तीस टक्के. तेव्हा मी स्वतः टाळी वाजवीन.

हे सगळे मी का सांगते? कारण भाव वाढला की फटका आधी आमच्या योजनांना बसतो. ज्याच्याकडे जागा नाही त्याला घरकुल मंजूर होऊनही मिळत नाही. म्हणून ग्रामीण भागात घरकुलाच्या जागेसाठी दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची अर्थसहाय्य योजना आहे. पाचशे चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला आधी पन्नास हजार मिळत, 2024 मध्ये ते एक लाख केले. म्हणजे दोनशे रुपये फूट. तालुक्याच्या गावाला लागून, मजुरीला रोज जाता येईल अशा अंतरावर, दोनशे रुपये फुटाने रजिस्ट्रीसह जागा कोणी देत असेल तर मला जरूर कळवा, रमाई आवासच्या कितीतरी फायली माझ्याकडे पडून आहेत. अनुदान दुप्पट व्हायला जवळपास दहा वर्षे लागली, सौदा दुप्पट व्हायला तीन हात पुरतात.

दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजनेचेही तेच. 2004 ची योजना. भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. 2018 मध्ये दर वाढवून जिरायतला एकरी पाच लाख, बागायतला आठ लाख केला आणि शंभर टक्के अनुदान केले. कागदावर यापेक्षा चांगली योजना नाही. पण महामार्गाच्या आशेने भाव चढलेल्या शिवारात एकरी पाच लाखाला कोण विकतो? जो विकतो तो खडकाळ माळ विकतो. अधिकारी म्हणतात, जमीन उपलब्ध नाही. जमीन भरपूर उपलब्ध आहे साहेब, फक्त तुमच्या दराला उपलब्ध नाही, आणि तुमचा दर ज्यांनी हरवला त्यांना तुम्ही एक रुपया कर लावलेला नाही.

यात गुंठेवारीची आणखी एक फरफट आहे. बिगर-एनए जमिनीत गुंठा-दीड गुंठा बाँडवर घेतलेले आपले किती लोक आहेत! तुकडेबंदीमुळे रजिस्ट्री झाली नाही. 2001 च्या गुंठेवारी कायद्याची मुदत 2021 मध्ये वाढवली, 2020 च्या डिसेंबरपर्यंतची बांधकामे धरली, आणि 2025 मध्ये तुकडेबंदीतही सूट आली. चांगलेच आहे. पण एका धुणीभांडी करणाऱ्या बाईची फाइल मी पाहिली, तिच्याकडे तीन हातांतून आलेल्या जागेची फक्त शेवटची पावती होती. मधल्या दोघांचा पत्ता नाही, मूळ मालकाचे वारस रजिस्ट्रीला आजच्या भावाने फरक मागतात. नियमित करायचे तरी कोणाच्या नावावर? फेरविक्री करणारे पैसे घेऊन गेले आणि तुटलेली साखळी तिच्या हातात राहिली.

आता थोडे घरातले. आपल्यातले जे शिकले, नोकरीला लागले, ते गुंतवणूक म्हणून काय करतात? प्लॉट. एक राहायला, एक पोराला, एक भाव आला की काढायला. मी त्यांना दोष देऊन मोकळी होणार नाही. ज्याच्या आजोबाला गावकुसाबाहेर हात-दोन हात जागा मिळत होती त्याला जमिनीची भूक असणारच. पण 14 एप्रिलला स्टेजवरून भूमिहीनांवर बोलायचे आणि 15 एप्रिलला सौदा फिरवायचा, हे एकाच तोंडाने कसे जमते? बाबासाहेबांनी 1947 मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जात न पाहता गावकऱ्यांना कसायला देण्याची मांडणी केली. दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर 1964-65 मध्ये लाखो लोक जमिनीसाठी तुरुंगात गेले. या वारशात जमीन हे भाव चढण्याची वाट पाहण्याचे साधन कुठेच नाही. निदान एवढे तरी करा: दुसरा प्लॉट काढायचा असेल तर वस्तीतल्या बेघराला, खऱ्या किमतीची रजिस्ट्री करून काढा. त्याला तेवढ्या किमतीवर बँकेचे कर्ज तरी मिळेल.

मनपाकडे आणि आपापल्या नगरपालिकेकडे माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागायला आपण सुरुवात करू. हद्दीत मोकळे प्लॉट किती आणि त्यातले एकाच मालकाच्या नावावर दोनपेक्षा जास्त असलेले किती. त्यांच्यावर वर्षाला कर किती आकारला आणि किती वसूल झाला. आणि रमाई आवासचे किती अर्ज केवळ जागेचा कागद नाही म्हणून पडून आहेत. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते, नाही आले तर पहिले अपील. नमुना अर्ज माझ्याकडे तयार आहे, ज्यांना हवा त्यांनी तालुक्याचे नाव टाकून मागावा.

जय भीम!